सतरा खेपा

मिठाची बरणी माळ्यावर ठेवणारी बाई एकतर संशयी असते, नाहीतर तिचं डोकं फिरलेलं असतं, असं गेल्या भाद्रपदात माझं स्पष्ट मत झालं होतं. ते मी मोठ्या आवाजात बोलूनही दाखवलं. बत्तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली की माणसाला हळू बोलता येत नाही. त्या बोलण्याची मला अजून लाज वाटते, म्हणून हे सांगायला बसले आहे.

मी अंजली. इंदिरानगरात राहते, वय बासष्ट, शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. शिट्टी अजून पर्समध्ये असते. आणि जिला मी वेडी म्हटलं ती कुसाबाई, वय एकाहत्तर, त्र्यंबकच्या बाजूला हरिहर गडाच्या पायथ्याशी एका पाड्यावर राहते. आमची ओळख जुनी. चोवीस वर्षं मी दर हिवाळ्यात शाळेच्या मुलींना हरिहरला न्यायचे आणि चोवीस वर्षं कुसाबाईच आम्हाला नागलीची भाकरी खाऊ घालून वर घेऊन जायची.

हरिहर पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. दीड-दोन तास चालून वर धारेवर गेलं की समोर उभा कातळ येतो आणि त्या कातळात शिडीसारख्या सरळ उभ्या पायऱ्या कोरलेल्या आहेत. प्रत्येक पायरीला बोटं रुतवायला खोबण्या. चढताना काही वाटत नाही. खरी परीक्षा उतरताना. तोंड कातळाकडे ठेवून मागे मागे उतरायचं, आणि पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. तिथे भल्याभल्यांची बोबडी वळते. मुली तर हमखास रडायच्या.

मग कुसाबाई त्यांच्या खाली जाऊन उभी राहायची. एक हात खोबणीत, दुसऱ्या हातानं वरच्या मुलीचा घोटा धरायचा, पाऊल अलगद उचलून पायरीवर नेऊन ठेवायचं. "पाय दे गं बाय," एवढंच बोलायची. पाय दिला की पायरी मिळायची. नऊशेच्या वर पोरी तिनं अशा उतरवल्या. एकीलाही खरचटलं नाही. मी वर शिट्टी घेऊन उभी असायचे आणि पालकसभेत शाबासकी मात्र मला मिळायची!

तिचं अंग मी इतकी वर्षं बघत आले, आणि बघता बघता चुकीचे सल्ले देत आले. पहिल्यांदा भेटली तेव्हा डोक्यावर हंड्यावर हंडा घेऊन ओढ्यावरून ताठ यायची. पुढे एकदा पाहिलं तर डोक्यावर काहीच नाही, दोन हातांत दोन छोट्या कळश्या, आणि खेपा दुप्पट. मी म्हटलं, "कुसाबाई, आळस करू नका, अशानं अंग सुटतं." ती हसली आणि म्हणाली, "मानेनं सांगितलं, आता बास." साठीला आली तेव्हा एकदा मी पावसाळ्यात गेले, तर भाताच्या आवणीला सगळ्या बायका दिवसभर वाकलेल्या, आणि ही थोडा वेळ वाकून लावायची, मग उठून रोपांच्या जुड्या वाहून आणायची, परत थोडा वेळ वाकायची. मला वाटलं, चुकारपणा करतेय. आज त्या वेळच्या तिच्याबरोबरीच्या बायका कमरेत वाकून चालतात. कुसाबाईची पाठ अजून फळ्यासारखी सरळ आहे.

आणि आमचा शहाणपणा ऐका. मी पंचविशीत जशी पळायचे तशीच बासष्टीत पळत होते. रोज पहाटे जॉगिंग ट्रॅकवर पाच किलोमीटर. बुद्धपौर्णिमेला त्रिरश्मी लेणीच्या पायऱ्या न थांबता चढायच्या आणि वर पोचून खालच्यांना हाका मारायच्या. उजवा गुडघा दोन वर्षांपासून सुजत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पळणं थांबवा, मांड्यांची ताकद वाढवा, हळूहळू वाढवा." मी मान डोलावली, बाहेर येऊन गुडघ्याचा पट्टा विकत घेतला आणि दुसऱ्या दिवशी पळाले. अंजली बाई थांबल्या असं कोणी म्हणायला नको ना!

तर, भाद्रपद. निवृत्तीनंतरही मी वर्षातून दोन-तीनदा पाड्यावर जाते. या वेळी अंगणात पाऊल टाकलं तर कुसाबाईची सून रोशनी चुलीपाशी डोळे पुसत बसलेली. रोशनी पिंपळगाव बसवंतची. तिचे आईबाप द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कामाला, ही तिथेच लहानाची मोठी झाली. सहा वर्षांपूर्वी कुसाबाईच्या गोरक्षशी लग्न करून डोंगरात आली. कामाला वाघीण, पण उंचीला घाबरते. आंब्यावरसुद्धा चढत नाही.

"बाई, तुमीच सांगा आत्याबाईंना," ती म्हणाली. "जेष्ठापासून तांदूळ माळ्यावर नेऊन ठेवलाय. डाळ वर, हळद वर, मिठाची बरणीसुदीक वर! मी मागितलं की सोता शिडी चढत्यात आन एक वाटी आनत्यात. एकच. परत चढत्यात, परत एक वाटी. मी आनते म्हटलं तर शिडीला हात लावू देत नाय. शेजारनी हसत्यात. म्हनत्यात, सासूचा तुझ्यावर इस्वास नाय, कुलूप परवडलं."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. आत गेले तर कुसाबाई खरंच शिडीवर! पदर खोचलेला, एका हातात वाटी, मागे मागे एकेक पावटी उतरत होती. गुडघे वाकताना तिचं तोंड आवळलं जात होतं, ते मला दिसलं. "काय चाललंय हे?" मी ओरडले. "डोकं फिरलंय का तुमचं? वय काय, गुडघे काय! आणि सुनेला असं वागवतात? सहा वर्षं राबतेय ती तुमच्या घरात. शोभतं का तुम्हाला?"

कुसाबाई शेवटच्या पावटीवरून खाली आली, दम घेतला. "तुमी बसा बाई, चहा टाकते," म्हणाली. मी कसली बसतेय! गोरक्षला हाक मारली, त्याला वर चढवलं आणि सगळं धान्य खाली आणवलं. मिठाची बरणी मी स्वतः रोशनीच्या हातात दिली. वर आणखी पिशवीतून रबरी पट्टा आणि कागदावर लिहिलेला तक्ता काढला. खुर्चीत बसून पाय उचलायचे, दहा-दहाचे तीन सेट. कुसाबाईनं तक्ता दोन्ही हातांनी घेतला आणि देवाच्या फोटोमागे खोचून ठेवला. "बरं," म्हणाली. तिच्या त्या 'बरं'चा अर्थ मला इतक्या वर्षांत कळला नव्हता.

दसऱ्याला परत गेले. सोनं द्यायला म्हणून, पण खरं तर माझा तक्ता कसा चाललाय ते तपासायला. घरात कोणी नव्हतं. गोठ्यामागून काहीतरी करकरत होतं. जाऊन बघते तर तीच शिडी उंबराला टेकवलेली आणि कुसाबाई तिच्यावर. या वेळी वाटीसुद्धा नव्हती. रिकाम्या हातांनी वर, रिकाम्या हातांनी खाली. प्रत्येक पावटीवर दोन्ही पाय टेकवायचे, एक दम घ्यायचा, मग पुढची.

"कुसाबाई!"

"या बाई," ती वरूनच म्हणाली. "तुमी तांदूळ उतरवला. शिडी तेवढी ऱ्हायली व्हती."

मी तोंड उघडलं, पण तिनं हात वर केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं मला गप्प केलं. उरलेल्या दोन खेपा करून खाली आली, उंबराखालच्या दगडावर बसली आणि बोटं मोजत मला हिशेब समजावला, एखाद्या ढ पोरीला समजावावं तसा.

त्यांच्या घराण्याचा देव गडावर आहे. शेंदूर फासलेला एक दगड, दुसरं काही नाही. नवं भात निघालं की पहिली मूठ त्या दगडापुढे ठेवायची. ते होईपर्यंत घरात कोणी नवा तांदूळ तोंडात घालायचा नाही, अगदी पोरांनीसुद्धा. आणि ती मूठ घरच्या बाईनंच न्यायची. त्या दिवशी पुरुष पायऱ्यांना पाय लावत नाहीत. गेली पन्नास वर्षं कुसाबाई एकटी नेत होती.

"मागल्या साली उतरताना मधीच पाय लटलटला," ती म्हणाली. "अर्धा घंटा कातळाला चिकटून ऱ्हायले. कुनाला नाय सांगितलं. तवाच कळलं, आता पयल्यासारखं नाय. आता सराव करून जायाचं."

"म्हणून शिडी?"

"गडाच्या पायऱ्या एकशे सतरा. मी मोजल्याल्या. शिडीच्या सात. सतरा खेपा म्हंजे गड. दोन वरच्या ऱ्हात्यात, त्या देवाला." ती हसली. "जेष्ठात दोन खेपांनी सुरू केलं. दर बाजाराला एक वाढवायची. बाजाराच्या दिशी शिडी नाय, पाय मोकळं सोडायचं. दुखलं तर त्या आठवड्याला वाढवायची नाय. आज सोळा झाल्या."

मी तिथेच बसले. मोजून सुरुवात, आठवड्याला थोडीच वाढ, एक दिवस विश्रांती, जे काम करायचं त्याचाच सराव, आणि तोही उतरण्यावर भर देऊन, कारण म्हाताऱ्या गुडघ्यांना उतरणंच जड जातं. बी.पी.एड.ला दोन वर्षं शिकून मी पाठ केलं होतं ते हेच. मुलींना शिकवलं, वहीत लिहायला लावलं आणि माझ्या स्वतःच्या गुडघ्याला कधी लावलं नाही. आणि ही बाई शाळेची पायरी न चढलेली! तिनं हे अख्खं शास्त्र एका मिठाच्या बरणीवर उभं केलं होतं, आणि ती बरणी मी ओरडून खाली उतरवली होती.

"मला तेव्हाच का नाही सांगितलंत?" माझा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला.

"तुमी बाई. एवढ्या लांबून माझ्यासाठी आलेल्या. तुमाला काय नाय म्हनू?"

मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. "आणि रोशनीला? ती बिचारी वेगळंच समजून बसलीय."

यावर कुसाबाई एकदम गंभीर झाली. "तिला नाय सांगायचं. तुमाला माझ्या गळ्याची आन हाय."

का सांगायचं नाही, हे मात्र तिनं सांगितलं नाही.

दिवाळीनंतरच्या सोमवारी आम्ही निघालो. कुसाबाई, रोशनी, गोरक्ष आणि मी. मला कोणी बोलावलं नव्हतं, मीच हट्टानं गेले. गुडघ्याला पट्टा, पोटात गुडघादुखीची गोळी. एवढ्या पोरींना नेलंय मी, आज कुसाबाईच्या पाठीशी मी नको? असं माझं म्हणणं. धारेवर पोचेपर्यंत माझ्या गुडघ्यात सुया टोचत होत्या. कुसाबाई दर शंभर पावलांवर थांबत होती, मुद्दाम, दम लागायच्या आधीच. ती थांबली की मी पुढे जायचे, आणि शेवटी तिच्या मागेच राहायचे.

पायऱ्यांच्या तळाशी सगळे थांबलो. गोरक्षनं चपला काढल्या, पायरीला हात लावून नमस्कार केला आणि बाजूला जाऊन बसला. कुसाबाईनं कमरेची फडक्यातली तांदळाची पुरचुंडी सोडली आणि रोशनीच्या ओटीत बांधली.

"तू पुढं हो. मी मागनं."

रोशनी पांढरीफटक पडली. "मी? आत्याबाई, मला नाय यायचं. चढेन एकवेळ डोळे झाकून, पन उतरता नाय येनार मला. मी मरन तिथं."

"चढनं तुझं. उतरवनं माझं. मी तुझ्या खाली असनार. माझ्या सासूनं असंच माझं पाय धरून उतरवलं व्हतं मला. एकुनीस वर्साची व्हते, रडून गड डोक्यावर घेतला व्हता." मग ती म्हणाली, "तू आली तवाच न्यायला पायजे व्हतं तुला. तू भ्याली, मग लेकरं झाली, मी बी म्हनत ऱ्हायले, पुढल्या साली. आता माझं गुडघं पुढल्या सालाचा वायदा देत नाय. म्हनून तर पावसाळाभर शिडी केली."

रोशनीनं ओटीतली पुरचुंडी घट्ट धरली. "ते... मीठ वर ठेवलेलं, ते ह्याच्यासाठी?"

"मग काय, तुझ्यापासून मीठ लपवीत व्हते?"

"मग सांगायचं व्हतं ना!" रोशनीला रडू फुटलं. "मी काय काय बोलले बाईंजवळ!"

"जेष्ठात सांगितलं असतं तर जेष्ठापासून भीत बसली असती. आता एका दिसाचीच भीती हाय."

मी पट्टा घट्ट केला आणि पुढे झाले. म्हटलं, मी रोशनीच्या बरोबरीनं येते, वरून आधार देते. कुसाबाईनं माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. तिथं येईपर्यंत मी लंगडत होते, ते तिनं केव्हाच टिपलं होतं.

"बाई, तुमी इथं बसा."

"अहो, पण..."

"मला एकीचंच पाय धरता येत्यात. दोघींचं नाय धरता यायचं."

एवढ्या वर्षांत मला कोणी खाली बस म्हटलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी म्हटलं ते मी ऐकलं नव्हतं. इथे मात्र वाद घालायला जागाच नव्हती. माझ्या हट्टासाठी तिचे हात अडकले तर रोशनीचं काय? मी खाली बसले. हरिहरच्या पायऱ्यांच्या तळाशी मी आयुष्यात पहिल्यांदा बसले आणि मान वर करून बघत राहिले.

चढल्या दोघी. हळू, थांबत थांबत, पण चढल्या आणि वर दिसेनाशा झाल्या. अर्ध्या-पाऊण तासानं वरच्या दरवाजात कुसाबाईचं लुगडं दिसलं. तोंड कातळाकडे, पाठ आमच्याकडे. ती एक पायरी खाली आली, डाव्या हाताची बोटं खोबणीत रुतवली आणि उजवा हात वर केला. वारा आमच्याकडे वाहत होता, त्यामुळे शब्द स्पष्ट ऐकू आले.

"पाय दे गं बाय."

रोशनीचा पाय हवेत थरथरत होता. त्या हातानं घोटा धरला, खाली आणला, पायरीवर टेकवला. मग दुसरा. मग कुसाबाई स्वतः एक पायरी खाली. दोन्ही पाय टेकवायचे, एक दम, मग वर हात. शिडीवर अगदी तस्संच करायची ती! मी पायऱ्या मोजायला लागले. सात झाल्या की मनात म्हणायचे, एक खेप. परत सात, दोन खेपा.

नवव्या खेपेला कुसाबाई थांबली. तिचा उजवा पाय लटलटायला लागला, मला खालून दिसला. मागल्या वर्षी ती अडकली ती जागा हीच असणार. गोरक्ष उठून उभा राहिला. माझा हात पर्समध्ये शिट्टीवर गेला, आणि मग लक्षात आलं, शिट्टीचा इथे काय उपयोग? मी नुसती हात जोडून बसले. कुसाबाईनं कपाळ कातळाला टेकवलं होतं. तिची पाठ वर-खाली होताना दिसत होती.

आणि वरून रोशनीचा आवाज आला. रडवेला, पण ठाम. "दम घ्या आत्याबाई. मला घाई नाय. मी धरून हाय घट."

दहा श्वास झाले असतील, वीस झाले असतील. पाय थांबला. हात वर आला.

"पाय दे."

शेवटच्या पायरीवर कुसाबाई उतरली तेव्हा मी सतरावी खेप मोजत होते आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. एकाहत्तर वर्षांच्या त्या बाईपुढे मी वाकून तिचे पाय धरले. "अवो बाई, काय करता!" म्हणून ती मागे सरली. रोशनी तर जमिनीवर बसून हसत होती, रडत होती, दोन्ही. मी गुडघ्याचा पट्टा सोडला आणि पर्समध्ये टाकला. परत येताना दर शंभर पावलांवर थांबले, दम लागायच्या आधीच. कुसाबाईनं ते पाहिलं.

घरी दुपारी रोशनीनं नवा तांदूळ शिजवला. पोरं ताटं घेऊन कधीची बसली होती. पहिला घास कुसाबाईनं रोशनीला भरवला. वाफाळलेला भात, वर नुसतं मीठ, आणि अख्ख्या घरात त्याचा वास. मीही खाल्ला. तसा भात मी इंदिरानगरात कधी खाल्ला नाही.

जेवणं झाल्यावर कुसाबाई भिंतीला टेकून पाय लांब करून बसली. मी तिचे गुडघे चोळत होते. "सुटले बाई," ती म्हणाली. "मान गेला सुनेकडं. आता शिडी नको नि काय नको."

तेवढ्यात रोशनी उठली. चुलीमागची मिठाची बरणी उचलली, हळदीचा डबा उचलला आणि दारात जाऊन नवऱ्याला हाक मारली. "अवो, गोठ्यामागची शिडी आना. आन तांदूळ उचलू लागा, वर ठिवायचाय."

कुसाबाई दचकली. "अगं, आता कशाला?"

रोशनीनं बरणी काखेत धरली आणि वळून सासूकडे बघितलं.

"पुढल्या साली माझ्या खाली कोन ऱ्हानार मग?"